आठ ठोसे नव्हे, सहा

"मामा, आठ ठोसे," असं म्हणून भाच्यानं वीस बाजूंचे फासे गोळा करायला घेतले. त्याच्याकडं तीनच होते, बाकीचे शेजारच्या मुलीच्या पिशवीतून उसने. शनिवारची रात्र. जेवणाचं टेबल पुसून त्यावर चौकटींचा कागद पसरलेला. ऑगर नावाच्या धिप्पाड राक्षसाच्या जागी लोणच्याच्या बरणीचं झाकण, आणि त्याच्यासमोर भाच्याचा मंक म्हणून शर्टाचं लाल बटण.

"आठ कसे?" मी विचारलं.

हिशेब तयार होता. "ॲक्शनमध्ये दोन ठोसे. त्यावर फ्लरी ऑफ ब्लोज, आणखी दोन. मग फायटरची ॲक्शन सर्ज, म्हणजे दुसरी ॲक्शन, पुन्हा दोन. त्यावर पुन्हा फ्लरी, पुन्हा दोन. झाले आठ."

"सहा," मी म्हटलं.

त्याचा चेहरा पडला. पुस्तक आलं, वाक्यावर बोट ठेवलं गेलं. वाक्य बरोबर होतं, पण त्यानं ते अर्धंच वाचलं होतं. हल्ल्याची ॲक्शन घेतल्यावर लगेच एक की पॉइंट, म्हणजे मंकच्या आतल्या शक्तीचा एक गुण, खर्चून दोन ठोसे मारता येतात, इथवर तो आला होता. हे ठोसे बोनस ॲक्शनमध्ये मारायचे, हेही तिथंच लिहिलेलं होतं. आणि बोनस ॲक्शन एका टर्नमध्ये एकच मिळते.

हे लिहितोय ते त्या उरलेल्या अर्ध्या वाक्यासाठी. डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्या, खेळू पाहणाऱ्या आणि मुलांना खेळवणाऱ्या सगळ्यांना माझं एकच सांगणं आहे: आपल्या पात्राच्या ताकदींची बेरीज करत बसू नका. कोणती ताकद कधी चालते आणि कोणानंतर चालते ते बघा. मार्शल आर्ट्स जाणणाऱ्या पात्राचं सगळं मर्म त्यातच आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ मध्ये तो आणला. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत वावरतात, आणि जिथं निकाल लागायचा तिथं फासा पडतो. ब्रूस लीच्या सिनेमांची लाट ताजी असताना, १९७५ च्या 'ब्लॅकमूर' या पुरवणीत नुसत्या हातांनी लढणारा मंक आला आणि पुढं तो खेळात रुळला. पाचव्या आवृत्तीचं 'प्लेयर्स हँडबुक' २०१४ मध्ये निघालं, त्याची सुधारलेली आवृत्ती २०२४ मध्ये. आमच्या टेबलावर २०१४ चंच पुस्तक चालतं, म्हणून खालचा हिशेब त्यातला. नवीन पुस्तकानं काय बदललं ते शेवटी सांगतो.

तीन पाकिटं

माझी आई एक तारखेला पगाराची पाकिटं करायची. दूध, किराणा, भाडं. दुधाच्या पाकिटातले पैसे किराण्याला गेले की महिनाअखेर चहा कोरा. या खेळातल्या लढाईत तुमच्या हातात अशीच तीन पाकिटं असतात: एक ॲक्शन, एक बोनस ॲक्शन आणि एक रिॲक्शन. चालणं-पळणं वेगळं, त्याची मोजणी फुटांत होते. नवीन ताकद मिळाली की सगळे विचारतात, "नुकसान किती?" तुम्ही आधी विचारा, "कोणत्या पाकिटातून?"

मंकचं बोनसचं पाकीट बघा. हल्ला केल्यावर एक फुकटचा ठोसा याच पाकिटातून. एक की पॉइंट देऊन दोन ठोसे, तेही इथूनच. पेशंट डिफेन्स, म्हणजे अंग चोरून डॉज करणं, इथून. स्टेप ऑफ द विंड, म्हणजे शत्रूच्या तावडीतून निसटणं किंवा दुप्पट धावणं, तेही इथून. एका नोटेवर चार हक्कदार आधीच उभे आहेत. त्यात कोणी रोग, म्हणजे चोरटा, या दुसऱ्या वर्गाच्या दोन लेव्हल घेतल्या तर त्याची कनिंग ॲक्शन पाचवी येते. बार्बेरियन होऊन रेज करायचा म्हटलं, तर तोही याच रांगेत.

म्हणून दोन वर्गांची खिचडी करण्याआधी दोन्हीकडची पाकिटं शेजारी ठेवून बघा. रोगच्या कनिंग ॲक्शनला की पॉइंट लागत नाही, हा फायदा खरा. पण त्या टर्नला फ्लरी गेली. ॲक्शन सर्ज दुसरी ॲक्शन देते, दुसरी बोनस ॲक्शन देत नाही, म्हणून भाच्याचे ठोसे सहाच. पाचव्या लेव्हलला मंकलाही एक्स्ट्रा अटॅक मिळतो आणि फायटरलाही, पण दोन्ही घेतले म्हणून एका ॲक्शनचे तीन हल्ले होत नाहीत, दोनच राहतात. हेस्ट या मंत्रानं मिळणाऱ्या जादा ॲक्शनमध्ये तर एकच हल्ला बसतो.

रिॲक्शनचं पाकीट सगळ्यात जास्त विसरलं जातं. हातातून निसटणाऱ्या शत्रूला जाता जाता हाणणं, हे रिॲक्शन. आपल्याला लागलेला बाण हवेत झेलून त्याचा जोर कमी करणं, हेही रिॲक्शन. तिसऱ्या लेव्हलपासून मंकला ते येतं: दहा बाजूंचा एक फासा, अधिक चपळाईचा आकडा, अधिक मंकच्या लेव्हल, एवढं नुकसान वजा. पण आधीच पळत्या गॉब्लिनला ठोसा हाणला असेल, तर पुढच्या टर्नपर्यंत बाण अंगावरच घ्यायचा. अशा वेळी गॉब्लिनला जाऊ द्यायचं का, हा विचार हात उचलण्याआधी करावा लागतो.

हात की हत्यार

दुसरा प्रश्न: ही ताकद कशावर चालते? इथं पुस्तकाची भाषा कोर्टाच्या कागदासारखी वाचावी लागते. 'शस्त्राचा हल्ला' आणि 'शस्त्रानं केलेला हल्ला' यांत बोलताना आपण फरक करत नाही, पुस्तक करतं. मूठ हे शस्त्र नाही, पण मुठीचा ठोसा शस्त्राच्या हल्ल्यांत मोजला जातो. म्हणून मंकचा स्टनिंग स्ट्राइक नुसत्या मुठीनं चालतो. रोगच्या स्नीक अटॅकला मात्र हलकं, चपळ शस्त्र किंवा लांबून मारायचं शस्त्रच लागतं, तिथं मूठ चालत नाही.

मग मंक-रोग खेळायचाच नाही का? जरूर खेळा. हातात खंजीर घ्या. खंजीर मंकच्या शस्त्रांत बसतो आणि स्नीक अटॅकलाही चालतो. ॲक्शनमध्ये खंजीर, त्याच्यावर स्नीक अटॅक, आणि बोनस ॲक्शनमध्ये मूठ. नियम वाचला की अशी वाट सापडते. बार्बेरियनची गोष्ट उलटी. रेजमधलं जादा नुकसान बळानं मारलेल्या हल्ल्यालाच मिळतं. मंक चपळाईनं मारत असेल, तर ते जादा नुकसान त्याच्या वाट्याला येत नाही.

चिलखताचंही तेच. मंकचा आर्मर क्लास, म्हणजे त्याला लागण्यासाठी शत्रूला गाठावा लागणारा आकडा, असा निघतो: दहा, अधिक चपळाई, अधिक शहाणपण. दोन्ही अधिक तीन असतील तर सोळा. भाच्यानं फायटरच्या लेव्हल घेतल्यावर ढाल उचलली आणि खुशीत अठरा लिहिले. ढाल हातात आली की मंकचं हे सूत्र बंद, फुकटचा ठोसा बंद, जादा वेगही बंद. बार्बेरियनलाही उघड्या अंगाचं सूत्र असतं, तिथं शहाणपणाऐवजी दमखम मोजतात आणि ढाल चालते. पण दोन्ही वर्ग घेतले तरी ही दोन सूत्रं एकत्र होत नाहीत. हा भेद लक्षात ठेवा: सूत्र एकच निवडायचं असतं, भर मात्र कशावरही पडते. क्लेरिकनं शील्ड ऑफ फेथ टाकलं तर अधिक दोन मंकला बिनतक्रार मिळतात, कारण ती भर आहे, ढाल नाही.

आधी काय, मग काय

तालमीत वस्ताद एकटा डाव शिकवून सोडत नाही. त्यानंतर समोरचा काय करील आणि तेव्हा तुमचा दुसरा डाव कोणता, हेही घोटून घेतो. मंकचं तसंच आहे. पाचव्या लेव्हलचा ओपन हँड पंथाचा मंक घ्या, कारण डावांची गुंतागुंत इथं सगळ्यात छान दिसते.

त्याच्याकडं दोन हत्यारं आहेत. पहिलं, स्टनिंग स्ट्राइक: ठोसा लागला की एक की पॉइंट द्यायचा आणि समोरच्यानं दमखमाचा सेव्ह, म्हणजे वाचण्यासाठीचा फासा, टाकायचा. चुकला तर मंकच्या पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंत तो सुन्न. सुन्न म्हणजे हलता येत नाही, ॲक्शन नाही, रिॲक्शन नाही, आणि बळाचे-चपळाईचे सेव्ह फासा न टाकताच चुकले. त्याच्यावर हल्ला करणाऱ्यांना ॲडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. दुसरं, ओपन हँडची करामत: फ्लरीचा ठोसा लागला की तीनपैकी एक गोष्ट करायची. आडवं पाडायचं, पंधरा फूट ढकलायचं, किंवा त्याची रिॲक्शन बंद करायची. पाडायला चपळाईचा सेव्ह, ढकलायला बळाचा. रिॲक्शन बंद करायला मात्र सेव्हच नाही.

आता क्रम लावू. ॲक्शनचे ठोसे आधी मारायचे, स्टन तिथंच करून बघायचा, कारण तो बसला तर फ्लरीचे दोन्ही ठोसे ॲडव्हान्टेजनं पडतात आणि ओपन हँडचे सेव्ह आपोआप चुकतात. समजा समोर मेज, म्हणजे शत्रूकडचा जादूगार, आहे, अंगावर मंत्राचं कवच चढवून आर्मर क्लास १५ केलेला. पाचव्या लेव्हलला तुमचा हल्ला अधिक सहा, म्हणजे फाशावर ९ किंवा जास्त हवे: शंभरात साठ वेळा. त्यानं रिॲक्शनमध्ये शील्ड मंत्र म्हटला की आकडा २० होतो आणि तुमची संधी साठावरून पस्तिसावर येते. तोच मेज सुन्न झाला तर शील्ड म्हणू शकत नाही, आणि ॲडव्हान्टेजमुळं तुमची संधी शंभरात चौऱ्याऐंशी. ठोसा तोच, फासाही तोच. फरक पडला तो क्रमानं.

आणि स्टन बसला नाही तर? तर फ्लरीच्या पहिल्याच लागलेल्या ठोशाला त्याची रिॲक्शन बंद करा. त्याला सेव्ह नाही. मागं बसलेल्या तुमच्या जादूगाराचा मंत्र तो काउंटरस्पेलनं मोडू शकणार नाही.

स्टन बसल्यावर मात्र रिॲक्शन बंद करण्यात अर्थ नाही, ती बंदच आहे. सुन्न माणसाला पुन्हा सुन्न करायला की पॉइंट घालवणं म्हणजे भरल्या घागरीत पाणी. आणि सुन्न झालेल्याला आडवं पाडायचं की नाही, हा प्रश्न तुमच्या एकट्याचा राहत नाही.

शेजारचा काय खेळतोय

इथं मी सगळ्यात जास्त टेबलं चुकताना पाहिली आहेत. आडव्या पडलेल्यावर जवळून मारणाऱ्याला ॲडव्हान्टेज मिळतं, पण लांबून बाण मारणाऱ्याला उलटं डिसॲडव्हान्टेज. शत्रू सुन्न आहे, सगळ्यांना ॲडव्हान्टेज आहेच. त्यात तुम्ही त्याला पाडलंत, तर जवळच्याला काहीच जास्त मिळालं नाही, कारण ॲडव्हान्टेजवर ॲडव्हान्टेज चढत नाही. धनुर्धराचं मात्र गेलं, कारण एक फायदा आणि एक तोटा एकमेकांना खाऊन टाकतात. आमच्या घरात धनुर्धर म्हणजे माझी बायको. तिनं त्या रात्री भाच्याकडं जे बघितलं ते नियमात लिहिलेलं नाही.

असे आणखी काही जोड सांगतो. फायटरनं शत्रूला धरून ठेवलं असेल तर त्याचा वेग शून्य. उठायला अर्धा वेग लागतो, म्हणजे पाडलेला शत्रू उठूच शकत नाही. तुम्ही पाडा, तो धरील. पण त्याच धरलेल्या शत्रूला तुम्ही पंधरा फूट ढकललंत, तर फायटरची पकड सुटली. एकानं धरायचं आणि दुसऱ्यानं सोडवायचं, ही कसली मदत?

ढकलण्याची खरी जागा म्हणजे क्लेरिकचे स्पिरिट गार्डियन्स फिरत असलेलं वर्तुळ. शत्रू त्यात शिरला की नुकसान. मात्र ढकललेला शत्रू तुमच्या मित्रांजवळून गेला तरी त्यांना जाता जाता हाणायची संधी नाही, कारण तो स्वतःहून गेलेला नाही. जादूगार फायरबॉल टाकणार असेल, तर तुमचा नंबर त्याच्या आधी असेल तेव्हा स्टन करा. सुन्न शत्रूचा चपळाईचा सेव्ह चुकणारच, आठ फाशांची पूर्ण आग त्याला लागते. फक्त शेजारी उभे राहून आपण स्वतः भाजून घेऊ नका. आणि समोरचा मंत्रावर लक्ष धरून असेल, तर सुन्न होताच तो मंत्र तुटतो. दरवेळी जीव घ्यायलाच मारायचं नसतं.

शत्रूही हे सगळं तुमच्यावर करतो, हे विसरू नका. पेशंट डिफेन्स घेऊन तुम्ही निर्धास्त उभे आहात आणि एखाद्यानं तुम्हाला पकडलं, तर वेग शून्य झाला की डॉजचा फायदा गेला.

पॉइंट जपून

मंकला दुसऱ्या लेव्हलपासून लेव्हलइतके की पॉइंट मिळतात आणि थोड्या विश्रांतीनंतर परत येतात. पाच लेव्हलला पाच. एक फ्लरीला दिला आणि चारही ठोशांना स्टन करून पाहिला, तर एका फेरीत सगळे संपले. त्यानंतर दोन साधे ठोसे आणि एक फुकटचा.

म्हणून स्टन कोणावर करायचा ते ठरवा. भाच्याचा सेव्हचा आकडा १४. ऑगरला दमखमाचे अधिक तीन मिळतात, तो निम्म्या वेळा वाचतो. मेजला काहीच मिळत नाही, तो शंभरात पासष्ट वेळा सुन्न होतो. शिवाय ऑगर सुन्न झाला तर एक गदा थांबते, मेज सुन्न झाला तर फायरबॉल थांबतो. ऑगरला ठोसे, मेजला पॉइंट. आणि एक पॉइंट शेवटपर्यंत राखून ठेवा. पळणाऱ्याला रिॲक्शनमध्ये ठोसा लागला, तर तिथंही स्टन करता येतो, आणि सुन्न झालेला पळत नाही.

पुस्तक कोणतं?

खेळायला बसण्याआधी हा प्रश्न मोठ्यानं विचारा. २०२४ च्या पुस्तकात की पॉइंटचं नाव फोकस पॉइंट झालं. फुकटच्या ठोशासाठी आधी हल्ला करायची अट गेली. स्टनिंग स्ट्राइक एका टर्नमध्ये एकदाच करता येतो आणि तो तुमच्या पुढच्या टर्नच्या सुरुवातीलाच उतरतो. पण समोरचा वाचला तरी त्याचा वेग निम्मा होतो आणि त्याच्यावरच्या पुढच्या हल्ल्याला ॲडव्हान्टेज मिळतं, म्हणजे पॉइंट अगदीच वाया जात नाही. ठोशाऐवजी पकडायचं किंवा ढकलायचं असेल, तर मंकला त्यात चपळाई वापरता येते, जुन्या पुस्तकात त्याला बळच लागायचं. दोघं दोन पुस्तकं धरून बसले, तर टेबलावर दोन खेळ चालतात आणि भांडण एक होतं.

डीएम मंडळींना एक विनंती. मुलानं आठ म्हटलं आणि तुम्हाला सहा माहीत असलं, तरी नुसतं "नाही" म्हणून फासा पुढं सरकवू नका. पुस्तक उघडा, वाक्य त्यालाच शेवटपर्यंत वाचू द्या. दोन मिनिटांत निकाल लागला नाही तर तुमचा निर्णय द्या, खेळ चालू ठेवा आणि बाकीचं लढाईनंतर बघा.

आणि खेळणाऱ्यांनो, पोस्टकार्डाएवढा एक कागद घ्या. तीन रकाने पाडा: ॲक्शन, बोनस, रिॲक्शन. प्रत्येक ताकद त्या त्या रकान्यात लिहा, पुढं ती हातावर चालते की हत्यारावर, किती पॉइंट आणि समोरच्याला कोणता सेव्ह. कागदाच्या मागं टेबलावरच्या सगळ्यांची नावं लिहा आणि कोण जवळून लढतं, कोण लांबून, कोण मंत्र टाकतं, ते नोंदवा. अर्धा तास जाईल. पण पुढचे कित्येक शनिवार वाचतील.

भाच्यानं तसा कागद केला, पुठ्ठ्यावर चिकटवला, बटणाशेजारी ठेवला. परवाच्या शनिवारी झाकण पुन्हा टेबलावर आलं. पहिला ठोसा लागला, स्टन बसला. त्यानं फ्लरीचे फासे उचलले, कागद उलटा केला आणि फासे मुठीतच धरून विचारलं,

"मामी, तुझा बाण माझ्यानंतर आहे ना? मग ह्याला उभाच ठेवतो."